केसलहाइमांच्या दारातली फोडाफोड

ऑटमार केसलहाइमसाहेबांना मुलीच्या लग्नात सगळं आटोपशीर हवं होतं. हा त्यांचा आवडता शब्द. सारी हयात त्यांनी जर्मनीतल्या मोझेल नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे सांभाळण्यात घालवली. केसलहाइमसाहेबांनी हिरवा दिवा लावल्याशिवाय भल्याभल्या मालवाहू बोटींना लुसनाख गाव ओलांडता येत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हिरव्या दिव्याची वाट पाहणारं कुणी उरलं नाही. घरात बायको होती, पण इर्मगार्डबाईंनी अशी वाट कधीच पाहिली नव्हती.

एकुलत्या एका मुलीचं, स्वेन्याचं, लग्न टिलशी ठरलं होतं. चर्च ठरलं, जेवण नदीकाठच्या खानावळीत ठरलं. राहिला फक्त पोल्टरआबेंड. लग्नाच्या आधी एका संध्याकाळी गाव वधूच्या दारात जमतं, घरातली जुनी चिनीमातीची भांडी आणून उंबऱ्यापुढे आपटतं, आणि मग तो सगळा ढीग वधूवरांनी मिळून झाडायचा असतो. जितक्या ठिकऱ्या तितकं सुख, असा हिशेब. आमंत्रण कुणालाच नसतं, ज्याच्या कानावर जाईल तो येतो. आणि लुसनाखमध्ये एखादी गोष्ट कुणाच्या कानावर गेली नाही, असं अजून घडलेलं नाही.

"आपण आधी रीतसर परवानगी काढू," साहेब म्हणाले. इथूनच सगळं बिघडलं.

नगरपालिकेतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "रस्त्यावर भांडी फोडणार? म्हणजे कचरा टाकणार?"

"अहो, गावात सगळेच फोडतात!"

"फोडतात ना. पण परवानगी कुणी मागत नाही. तुम्ही मागितलीत, म्हणून आता द्यायची की नाही हा प्रश्न आला. आजवर हा प्रश्नच नव्हता."

प्रश्न सुटला, पण अटींवर. रस्त्याच्या दोन्ही टोकांना अडथळे, ठिकऱ्यांसाठी लोखंडी कंटेनर, आणि एक जबाबदार इसम, चकचकीत पिवळं जाकीट घातलेला. जबाबदार इसम कोण, ते सांगायला नकोच. मुलीच्या सोहळ्यासाठी साहेबांनी राखाडी कोट शिवून घेतला होता. त्यावर ते पिवळं जाकीट चढवून आरशात पाहिलं तेव्हा आपण वधूपिता आहोत की रस्तादुरुस्तीचे मुकादम, हे त्यांनाच कळेना.

मग सल्ले सुरू झाले. बेकरीवाल्या नेलेसबाई पावाबरोबर सल्ला फुकट देत. "काच फोडू देऊ नका हं. काच फुटली की नशीब फुटलं. आरसा तर नकोच नको. संडासाचं भांडं मात्र चालतं, शुभ असतं." शेजारचे लोरेन्स ब्राइटबाख द्राक्षमळेवाले. त्यांच्या ट्रॅक्टरबद्दल साहेबांनी एकदा तक्रार केली होती, की तो सूर्याच्या आधी उठतो. तेव्हापासून दोघे एकमेकांशी कुंपणावरून आणि तेही आडूनच बोलत.

"काही लोकांची पायरी फार मऊ," ब्राइटबाख आपल्या कुत्र्याला म्हणाले. "तिच्यावर बशीसुद्धा फुटायची नाही."

"काही लोकांनी स्वतःची पायरी ओळखावी," साहेब आपल्या टोमॅटोंना म्हणाले.

इथवर सगळं ठीक होतं. पण एका रविवारी कॉफी ओतताना स्वेन्या सहज म्हणाली, "बाबा, टिलची आई येणार आहे हं फोडायला. माइन्झहून. ती पुरातत्त्व खात्यात आहे, सांगितलं होतं ना मी?"

"नव्हतं सांगितलंस," साहेब म्हणाले. केकचा तुकडा काट्यावरून सुटून पुन्हा बशीत पडला.

त्यांना का घाम फुटला, हे सांगायला हवं. रोमन लोक लुसनाखमध्ये चारेकशे वर्षं राहिले आणि जाताना घर आवरून गेले नाहीत. कुठेही फावडं मारा, त्यांचं काहीतरी निघतंच. कायदा म्हणतो, निघालं की खात्याला कळवा. गावच्या औषधवाल्याने गॅरेजसाठी खड्डा खणला, त्यात एक भिंत लागली, त्याने ती प्रामाणिकपणे कळवली. आज गॅरेजच्या जागी काचेखाली रोमन न्हाणीघर आहे. शाळांच्या सहली येतात, आणि औषधवाल्याची गाडी बाहेर पावसात भिजते. प्रामाणिकपणाचं एवढं ढळढळीत उदाहरण समोर असल्यावर गाव शहाणं झालं. ज्याला जे सापडलं ते त्याने तळघरात ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. कुणाच्या सुरईत बटाटे, कुणाच्या वाडग्यात मांजराचं दूध.

केसलहाइमांकडे दोन कानांचा एक रांजण होता. साहेबांच्या वडिलांच्या काळापासून घरात होता, बागेतून निघाला असं घरात म्हणत. इर्मगार्डबाई त्यात छत्र्या ठेवत. आणि आता त्याच बागेत स्वेन्या आणि टिल छोटं घर बांधणार होते. नकाशे तयार होते. विहीणबाईंनी रांजण पाहिला आणि "कुठून आणला?" एवढं विचारलं, की बागेला खात्याची दोरी लागणार आणि बांधकाम बंद. मग कसलं घर! पोरं माइन्झमध्येच भाड्याच्या जागेत राहणार. माइन्झ ऱ्हाइनवर, आणि मोझेलच्या माणसाला ऱ्हाइन म्हणजे परदेशच. साहेबांना मुलगी परदेशी जायला नको होती. तिने रोज खिडकीतून ओरडावं, "बाबा, मीठ आहे का?", एवढंच त्यांचं म्हातारपणचं स्वप्न होतं.

रांजण लपवायचे सगळे प्रयोग झाले. कपाटात मावेना. पलंगाखाली ठेवला तर इर्मगार्डबाईंचा गुडघा त्यावर आपटला, आणि त्या रोमन साम्राज्याबद्दल जे बोलल्या ते इतिहासात नाही. तळघरात ठेवावा तर जावई वाइन आणायला तिथेच उतरणार.

"अरे, मग शुक्रवारी फोडून टाक की," इर्मगार्डबाई गुडघा चोळत म्हणाल्या. "सगळं गाव फोडणार आहे. त्यात एक रांजण जास्त. ठिकऱ्यांना कोण विचारतंय रोमन की जर्मन?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्यात एवढी गुन्हेगारी बुद्धी असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. शिवाय कल्पना चांगली होती, हे जास्त झोंबलं.

दरम्यान, नेलेसबाईंनी पावाबरोबर बातमीही वाटली होती. सोमवारी ती "केसलहाइमांच्या विहीणबाई खात्यात आहेत" अशी होती. बुधवारी "विहीणबाई तपासणीला येताहेत" अशी झाली, आणि गुरुवारी विहीणबाई बॅटरी घेऊन घरोघरची तळघरं पाहणार होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी लख्ख उजेड होता. साहेब पिवळ्या जाकिटात दारात उभे राहिले. अग्निशमन दलाच्या मंडळींनी गाडीभर जुने कमोड आणले आणि एकेक आपटून टाळ्या मिळवल्या. पायरी चांगलीच टणक निघाली, हे साहेबांनी ब्राइटबाखांच्या कुत्र्याला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं. ब्राइटबाख स्वतः ट्रॉली भरून फरशा घेऊन आले होते.

विहीणबाई, म्हणजे आनेग्रेट ओस्टरलोबाई, उंच, पिकल्या केसांच्या आणि दणकट बुटांच्या होत्या. आल्या आल्या त्यांनी सुपाचं भांडं असं नेम धरून फेकलं, की मधोमध फुटलं. "किती वर्षं भांडी जोडत आलेय मी," त्या हात झटकत म्हणाल्या. "फोडायची फार हौस होती हो!" साहेबांना बाई आवडल्या. त्यामुळे त्यांच्यापासून रांजण लपवणं आणखीच अवघड वाटलं.

गर्दी रंगात आली तसे साहेब रांजण घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. कंटेनरच्या मागे आडोसा होता. त्यांनी रांजण डोक्यावर उचलला. डोळे मिटले. उघडले. रांजणाच्या एका कानावर कुण्या रोमन कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. लहानपणी त्या ठशात ते आपला अंगठा ठेवून पाहत, आणि आता तो बरोबर बसत होता. साहेबांचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी रांजण भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतःला भित्रा म्हटलं.

मग त्यांना दिसलं, की शेजारी एक सुरई आहे. तिच्या शेजारी दोन वाडगे. पलीकडे फडक्यात बांधलेलं काहीतरी. तेवढ्यात नेलेसबाई पदराआड धरावं तसं काहीतरी कोटाखाली धरून आल्या आणि निजलेलं मूल ठेवावं इतक्या अलगद त्यांनी एक बुधली जमिनीवर ठेवली.

"नेलेसबाई, हे काय?"

"जुनी बरणी आहे."

"मग फोडा ना. फोडायलाच आलात ना?"

"तुमचा फुटला का?" नेलेसबाईंनी रांजणाकडे बोट दाखवलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. पाठोपाठ औषधवाला आला. काचेखाली न्हाणीघर दिलेला तो प्रामाणिक माणूस! त्याच्या दोन्ही बगलांत दिवे होते, मातीचे. "हे त्याच खड्ड्यातले," तो पुटपुटला. "थोडे माझ्यासाठी ठेवले होते." थोड्या वेळात कंटेनरमागे पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळं गाव आपलं पाप फोडायला आलं होतं, आणि फोडायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

शेवटी वधूवरांनी झाडू उचलले. स्वेन्या ढकलतेय, टिल भरतोय, लोक मुद्दाम ढीग पुन्हा पसरतायत, असा नेहमीचा गोंधळ चालला होता. विहीणबाईंना राहवेना. "आणा, मी मागची बाजू झाडते," म्हणत त्या झाडू घेऊन कंटेनरमागे गेल्या. साहेबांनी अडवायला हात वर केला, पण पिवळ्या जाकिटातल्या माणसाने हात वर केला की लोक रस्ता मोकळा करतात. विहीणबाईंना वाट अगदी रुंद मिळाली.

झाडूचा आवाज थांबला. अकॉर्डियनवाल्यानेही सूर मध्येच सोडला.

विहीणबाई बाहेर आल्या त्या दोन्ही हातांत रांजण घेऊन. "हे सगळं कुणाचं आहे?"

गावाला आपले बूट एकाएकी फार सुंदर वाटू लागले. साहेबही गप्प राहू शकले असते. रांजणावर नाव थोडंच होतं! पण समोर स्वेन्या झाडू धरून उभी होती, आणि उद्यापासून ही बाई तिची सासू होती. पोरीचा संसार लपवाछपवीने सुरू व्हावा, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी जाकीट सरळ केलं.

"हा रांजण माझा," ते म्हणाले. "वडिलांपासून घरात आहे. मागच्या बागेतला. जिथे पोरांचं घर व्हायचंय, तिथलाच."

"बाबा!" स्वेन्या म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला, की साहेबांना तिच्याकडे बघवेना.

"खोटं बोलतोय तो," मागून आवाज आला. लोरेन्स ब्राइटबाख फरशांच्या ट्रॉलीवर चढून उभे होते. "रांजण आमचा आहे. केसलहाइमच्या बागेत नुसती चिकणमाती! तिथे गाजर उगवत नाही, रोमन कुठून उगवणार? सगळं आमच्या अंगणातलं आहे. हे बघा!" त्यांनी फरशांखालून एक पेटी ओढली. ती काठोकाठ भरलेली होती.

"सगळं कसं तुमचं?" नेलेसबाई उसळल्या. "बुधली माझी आहे! आमच्या भट्टीखाली रोमन भट्टी आहे, मोठी!"

"आमच्याकडे खांब आहे," कुणीतरी ओरडलं.

"आमच्याकडे दोन!"

आणि मग बांधच फुटला. इतकी वर्षं जे लपवलं ते जो तो मिरवू लागला. कुणाचे रोमन श्रीमंत होते, कुणाचे नुसतेच जुने, यावरून दोघे हमरीतुमरीवर आले. साहेबांना मधलं काही ऐकू आलं नाही. ब्राइटबाखने आपल्याला वाचवायला स्वतःचं अंगण पुढे केलंय, एवढंच त्यांना कळलं.

विहीणबाई पायरीवर बसल्या. रांजण मांडीवरच होता. "मी आज रजेवर होते," त्या स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. "कळवावं तर लागणारच मला. पण मी जे पाहिलं तेच कळवीन. लुसनाखच्या लोकांनी आपली भांडी आपणहून आणून दिली, आणि फोडायच्या दिवशीसुद्धा एकही फोडलं नाही." त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं. "जिथे जास्त निघालं तिथून आम्ही सुरुवात करतो. ब्राइटबाख, तुमच्या अंगणापासून. केसलहाइमांच्या बागेत पाया खणताना मी स्वतः उभी राहीन. काही निघालं तर थांबायचं, नाही निघालं तर बांधायचं. चालेल?"

"चालेल," साहेब म्हणाले.

लग्न झकास झालं. त्यानंतर पाया खणायला घेतला. विहीणबाई रबरी बूट घालून घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि मातीची प्रत्येक पाटी चाळून पाहू लागल्या. साहेब श्वास रोखून शेजारी उभे. निघालं काय, तर एक गंजलेला काटा आणि इर्मगार्डबाईंची हरवलेली कात्री. पाया पुरता खणून झाला. विहीणबाई उठल्या. "काही नाही. इथे रोमन आलेच नसावेत."

साहेबांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला. नेलेसबाईंकडे आले, औषधवाल्याकडे आले, ब्राइटबाखकडे तर कुटुंबासहित आले, आणि आपल्याकडे कुणी फिरकलंच नाही? "त्या कोपऱ्यात अजून थोडं खणून बघता का?" त्यांनी हळूच विचारलं. "नीट बघा हो. एखादा तुकडा तरी असेल." इर्मगार्डबाईंनी त्यांना बाही धरून घरात नेलं.

कुंपणापलीकडून ब्राइटबाख हे सगळं ऐकत होते. "रांजण आमचाच आहे, असं मी सांगितलं होतं की नाही?" ते म्हणाले, आणि या वेळी कुत्रा जवळ नव्हता. "मोठ्या पुरात तुझ्या वडलांनी माझ्या आजीला वरच्या खिडकीतून नावेत उतरवलं. पाणी ओसरल्यावर घरात धड म्हणून एवढा रांजणच उरला होता. तोच बाबांनी तुमच्याकडे दिला. तुझ्या वडलांना उपकाराची लाज वाटली असेल, म्हणून 'बागेत सापडला' म्हणाले."

खरं सांगून आपण शौर्य गाजवलं असं साहेबांना वाटत होतं. ते खरं तर खोटंच निघालं होतं, आणि ब्राइटबाखांचं जे बोलणं खोटं समजून ते कृतज्ञ झाले होते, ते खरं होतं. आणि तरीही उपकार होताच. पुढे केलेल्या त्या अंगणात ब्राइटबाख वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोली बांधणार होते, हे त्यांना नेलेसबाईंकडून पावाबरोबर कळलं. आता तिथे दोरी लागली होती, आणि खात्याकडे माणसं कमी.

दुसऱ्या दिवसापासून निवृत्त बंधारा अधिकारी केसलहाइम शेजारच्या अंगणात हजर होऊ लागले, बिनपगारी. सुरुवातीला विहीणबाईंनी त्यांना फक्त पाट्या उचलू दिल्या. मग ब्रशने माती झाडायला बसवलं. साहेब गुडघ्यावर बसून तासन्‌तास एकेका भिंतीचा दगड मोकळा करत. जितकं लवकर खणून होईल तितकी लोरेन्सची खोली लवकर उभी राहील, एवढा एकच विचार. पाठ मोडून निघे, पण त्यांनी तक्रार केली नाही. आपल्याला कुणीतरी इतकं दिलं आणि आपण ट्रॅक्टरच्या आवाजावरून रुसून बसलो, हे त्यांना पदोपदी आठवे.

एकदा ते असेच खड्ड्यात बसले होते. ब्राइटबाख वर कॉफीचा थर्मास घेऊन उभे होते. कुंपणापलीकडे गवंड्यांची ठोकाठोक चालली होती. स्वेन्या आणि टिल स्वयंपाकघराची खिडकी कुठे हवी यावरून भांडत होते. खिडकी आईबाबांच्या बाजूलाच हवी, असं स्वेन्या ठणकावून सांगत होती.

"लोरेन्स," साहेब मान वर न करता म्हणाले, "हे ऐकतोयस ना? हे तुझ्यामुळे."

"ऐकतोय. फार आवाज करतात तुझ्याकडचे लोक," ब्राइटबाख म्हणाले. "कॉफी घे, निवतेय."

साहेबांच्या चष्म्याखालून टपकन एक थेंब पडला, मग दुसरा. त्यांना पुसायला हात मोकळा नव्हता: एकात ब्रश होता, दुसऱ्यात विहीणबाईंनी सोपवलेला भांड्याचा तुकडा.

"केसलहाइम!" खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाकडून विहीणबाई किंचाळल्या. "रडायचं असेल तर बाजूला होऊन रडा हो! आत्ताच वाळवलाय मी तो तुकडा!"